कबुलीची कोठडी उघड्यावर का असते

मी एक जुनी कोठडी आहे. मित्रांनो, कोठडी म्हटले की तुम्हाला पोलीस, गज आणि कुलूप आठवले असेल. घाबरू नका. माझ्यात कोणाला कोंडत नाहीत. लोक आपल्या पायांनी येतात, गुडघे टेकतात, आपल्या चुका हळू आवाजात फादरांना सांगतात आणि हलके होऊन बाहेर पडतात. निदान असे सांगितले जाते. सांगितलेल्या सगळ्यावर विश्वास ठेवायची सवय मला नाही.

मी चर्चच्या डाव्या भिंतीला टेकून उभी आहे. लांबून पाहिले तर तीन दारांचे कपाट वाटते. एकदा नव्याने आलेल्या झाडूवालीने माझ्यात बादली ठेवली होती, आणि फादर बसायला आले ते थेट बादलीत पाय घालून बसले. मधल्या कप्प्यात फादर, दोन्ही बाजूंच्या कप्प्यांत कबुली देणारे, आणि मध्ये लाकडी फळी. फळीला तोंडाच्या उंचीवर जाळी आहे. आवाज पलीकडे जातो, चेहरा नीट दिसत नाही आणि हात तर जातच नाही.

ही जाळी कशासाठी, असे मोठ्यांना विचारून पाहा. "सांगणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून," असे ते म्हणतील. हे खरे आहे, पण अर्धे. उरलेले अर्धे माझ्याकडून ऐका. शेकडो वर्षांपूर्वी माझ्यासारख्या कोठड्या नव्हत्या. कबुली देणारा धर्मगुरूच्या अगदी जवळ बसत असे, मध्ये काही नसे. मग तक्रारी येऊ लागल्या. काही धर्मगुरू या जवळिकीचा गैरफायदा घेत होते. तेव्हा चर्चच्याच वडीलधाऱ्यांनी ठरवले की मध्ये फळी हवी, फळीला जाळी हवी, आणि हे सगळे आडबाजूला नको, चारचौघांच्या नजरेसमोर हवे. म्हणजे माझा जन्म जितका भक्तीतून झाला, तितकाच संशयातून झाला. मग मी संशयी झाले तर नवल काय? खाण तशी माती.

मला घडवणारा सुतार मात्र भोळा होता. जाळीच्या भोकांचे माप घेताना तो स्वतःची करंगळी घालून पाहत होता.

"एवढी बारीक?" तेव्हाच्या फादरांनी हसत विचारले. "अविश्वास दाखवताय की काय?"

"मला काय कळतं, फादर," सुतार म्हणाला. "वरून आलेलं माप आहे. करंगळीसुद्धा जाता कामा नये म्हणे."

फादर हसायचे थांबले. मी तेव्हा नुसत्या फळ्या होते, पण ते थांबणे माझ्या ध्यानात राहिले.

सुरुवातीची वर्षे माझ्या कौतुकाची होती. मोठ्या सणाआधी मला मेण लावून घासत, माझे जांभळे पडदे धुऊन इस्त्री करत. माझ्यासमोर रांग लागे. रांगेतली माणसे मी निरखून पाही. पाप सांगायला आलेला माणूस रांगेत पुढे घुसायला बघतो, तेव्हा मला हसू येई. हारफुले आणणारी बाई जरा जास्तच फुले आणू लागली की मला वाटे, हिचे काहीतरी बिनसले आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. माझ्या आत काय बोलले गेले, ते मी कधीही सांगणार नाही. आमचा तसा नियम आहे. कबुलीत ऐकलेले ऐकणाऱ्याने बाहेर काढायचे नाही, जीव गेला तरी नाही. भिंतींना कान असतात म्हणतात. मला कान आहेत, पण तोंड फक्त बाहेरच्या गोष्टींपुरते आहे. म्हणून मी तुम्हाला जे सांगते आहे, ते सगळे माझ्या दाराबाहेर घडलेले आहे.

त्या काळी चर्चच्या गायनवृंदात एक मुलगी होती. आवाज इतका गोड की सगळे तिला चिमणी म्हणत. मुलांना गाणे शिकवायला एक तरुण फादर नेमले होते. त्यांना सगळे गाण्याचे फादर म्हणत. उंच, हसरे, खिशात कायम गोळ्या. मुलांचे आईबाप त्यांच्यावर खूश होते. मी नव्हते. ज्याच्यावर झाडून सगळे खूश असतात, त्याच्यावर मी आधी नजर ठेवते.

एके दिवशी दुपारी चिमणी धावत अंगणात आली. तिथे चर्चचे मुख्य धर्मगुरू उभे होते. त्यांना सगळे मोठे फादर म्हणत. ती काहीतरी सांगू लागली. मोठ्या फादरांनी इकडेतिकडे पाहिले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला माझ्याकडे घेऊन आले. ती माझ्यात आली तेव्हा रडत होती. बाहेर पडली तेव्हा रडत नव्हती. तिने ओठ असे मिटले होते, जणू तोंडात गरम घास आहे.

त्या दिवसापासून ती गायली नाही. माझ्याजवळही आली नाही. थोड्याच दिवसांत गाण्याच्या फादरांची दुसऱ्या गावी बदली झाली. निरोपाला हार घातले, फोटो काढले. तिथेही ते मुलांना गाणेच शिकवणार होते.

मोठ्या फादरांना तुम्ही वाईट समजाल. थांबा. साथीच्या वर्षी घरचे लोक रोग्यांना टाकून पळाले, तेव्हा हेच मोठे फादर रात्रंदिवस त्यांच्या उशाशी बसले होते. माणूस चांगला होता. म्हणूनच सांगते, चांगल्या माणसांवरही नजर ठेवावी. वाईट माणसाला लपायला जागा हवी असते, आणि ती त्याला बहुतेक वेळा एखादा चांगला माणूसच देतो.

वर्षे गेली. मोठे फादर वारले. माझी रांग आटली. माझ्या एका कप्प्यात घडीच्या खुर्च्या कोंबल्या, दुसऱ्यात कोळ्यांनी संसार थाटले. उजव्या पायाला वाळवी लागली. नवी पिढी माझ्यापाशी येऊन विचारी, "हे काय आहे गं आई?" आणि आई म्हणे, "चल, उशीर होतोय."

चिमणी मोठी झाली, वडिलांचे शिवणकाम तिने चालवले. केस पिकले तरी लोक तिला चिमणीताईच म्हणतात. नाव का पडले, हे बहुतेक जण विसरले आहेत. वेदीवरची वस्त्रे तीच शिवते, माझे पडदेही तीच शिवते. पण पडदा अडकवायचा झाला तरी आत पाय टाकत नाही. बाहेरून हात लांब करून कड्या घालते. दर रविवारी शेवटच्या बाकावर बसते. तिच्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बेकरीवाला बसतो. हा दांडगा गडीही माझ्याकडे कधी फिरकत नाही. मला पक्का संशय होता की हा पाव वजनाला कमी देत असणार, आणि कबूल करायची लाज वाटत असणार.

मागच्या वर्षी बातमी आली की गाण्याचे फादर दूरच्या गावी, खूप म्हातारे होऊन, मानाने वारले. चर्चच्या समितीने ठरवले की मुलांसाठी जी नवी गायनशाळा बांधली आहे, तिला त्यांचे नाव द्यायचे. पुढाकार ऑर्गनमास्तरांचा होता. आमचा ऑर्गन वाजवणारे हे गृहस्थ लहानपणी गाण्याच्या फादरांचेच शिष्य. संगमरवरी पाटी आली. तिच्यावरून ओढायचा मखमली पडदा कोणी शिवायचा? अर्थात चिमणीताईंनी.

तिने कापड घेतले. नाही म्हणाली नाही. रोज दुपारी ते मांडीवर घेऊन शेवटच्या बाकावर बसायची आणि सुईत दोरा न ओवता परत जायची. मित्रांनो, मी लाकडाची आहे, पण मला कळत होते की या बाईपुढे दोनच वाटा आहेत. पडदा शिवायचा, नाहीतर तोंड उघडायचे. पाटी लागली की त्या नावाखाली रोज लहान मुले गाणार. आणि ही रोज तिथून जाणार, ओठ मिटून.

अशाच एका दुपारी तिची भाची तिला न्यायला आली. ही शाळेत इतिहास शिकवते. चर्चमध्ये पाऊल टाकत नाही. त्या दिवशी चिमणीताई माझा फाटलेला जांभळा पडदा सांधत होती. मखमल शेजारी तशीच पडली होती.

"आत्या, अजून हे कापड तसंच?" भाची म्हणाली. "दिवसभर करतेस तरी काय?"

तेवढ्यात नवे फादर आले. तरुण आहेत, बोलायला गोड. मला गोड बोलणे आवडत नाही, म्हणून मी कान टवकारले.

"तुम्ही इतिहास शिकवता ना?" फादरांनी विचारले. "चर्चमध्ये कधी दिसत नाही."

"इतिहास शिकवते म्हणूनच दिसत नाही, फादर."

फादर हसले. "बसा तर खरं. राग कशाचा आहे, तेवढं तरी सांगा."

"राग कसला? मुलं प्रश्न विचारतात, मला उत्तर येत नाही. परवा एकाने विचारलं, शत्रूवर प्रेम करा म्हणणाऱ्याच्या नावाने एवढ्या लढाया कशा झाल्या? काय सांगू त्याला?"

"सांगा, माणसं चुकली."

"एकदा झाली तर चूक म्हणू. पुन्हा पुन्हा झाली तर तिला काय म्हणायचं? वेगळं मत मांडलं म्हणून माणसांना जिवंत जाळलं. पृथ्वी फिरते म्हणाला म्हणून एका म्हाताऱ्याला मरेपर्यंत घरात डांबलं. पापाच्या शिक्षेतून सूट देणारे कागद विकले! आणि हे सगळं करताना चेहरे कसे? लोणी खाल्लेल्या मांजरासारखे."

"आणि शाळा? दवाखाने? ज्यांना कोणी शिवत नव्हतं, त्यांच्या जखमा धुणारी माणसं कुठून आली?"

"तीही इथूनच आली. मी कुठे नाही म्हणते? पण उजव्या हाताने पुण्य केलं, म्हणून डाव्या हाताला विचारायचंच नाही का?"

"गुलामांच्या बाजूने बोललेले धर्मगुरूही होते," फादर हळूच म्हणाले. "आतलेच होते ते."

"होते ना. त्यांचं ऐकलं किती जणांनी?" भाचीने माझ्या दारावर टकटक केले. "आणि ही पेटी! हिच्यात जे जातं ते कायमचं गाडलं जातं. लपवाछपवीला याहून सोयीची जागा नाही."

मला असा राग आला म्हणता! ओरडून सांगावेसे वाटले, अगं बाई, माझी जाळी बघ! मला कोणी शत्रूने बनवलेले नाही. आपल्याच माणसांवर संशय घ्यायची अक्कल जेव्हा चर्चला आली, तेव्हा मी झाले. तू जी टीका तोंडाने करतेस, ती मी लाकडात करत उभी आहे. पण लाकडाचे कोण ऐकतो?

"तसं नाही हो," फादर म्हणाले. "इथे ऐकलेलं मी कोणाला सांगू शकत नाही, तुरुंगात टाकलं तरी नाही. पण तो नियम माझ्या तोंडाला आहे. सांगणाऱ्याच्या तोंडाला नाही. तो बाहेर जाऊन भर चौकात सांगायला मोकळा आहे. त्याला कोणी अडवू शकत नाही."

चिमणीताईची सुई थांबली.

"काय म्हणालात, फादर?"

"सांगणारा मोकळा असतो, ताई."

"हा नियम नवा आहे का?"

"नाही, ताई. आधीपासूनचाच आहे."

ती उठली. माझा पडदा तिच्या मांडीवरून घसरून खाली पडला, तो तिने उचललाही नाही. "मग मोठ्या फादरांनी मला खोटं सांगितलं," ती म्हणाली.

नव्या फादरांचा चेहरा उतरला. त्यांनी सवयीने माझ्या दाराकडे हात केला. "ताई, आपण आत बसून बोलू या का?"

झाले! मी मनात म्हटले. पुन्हा तेच दार, पुन्हा तोच हात. गोड बोलणारा गोड बोलून गेला.

"नाही, फादर," चिमणीताई म्हणाली. "आत एकदा बोलले. आता बाहेरच बोलेन."

आणि ती बोलली. उभ्या उभ्या, दुपारच्या उजेडात, माझ्यापासून हातभर अंतरावर. म्हणून मी तुम्हाला ते सांगू शकते.

"चौथीत होते मी. गाण्याचे फादर सराव झाला की एकेकाला मागे थांबवून घ्यायचे. मग मला थांबवायला लागले."

पुढे तिने जे सांगितले ते सगळे मी इथे सांगत नाही. मोठ्या माणसाने लहान मुलाशी जसे कधीच वागू नये, तसे ते वागले. एवढे कळले तरी तुम्हाला पुरे.

"मी धावत मोठ्या फादरांकडे गेले. ते म्हणाले, इथे नको, आत चल. आत सगळं सांगितलं. मग म्हणाले, हे आता कबुलीतलं झालं. कोणाला सांगितलंस, अगदी आईलासुद्धा, तर मोठं पाप लागेल. देव तोंड फिरवेल. दुसऱ्याचं पाप मी कबूल करून आले, फादर. आई जाताना विचारत होती, गाणं का सोडलंस गं? तिलाही नाही सांगितलं मी."

भाचीच्या तोंडून इतका वेळ लाह्या फुटत होत्या. आता ती "आत्या, निदान मला तरी…" एवढेच म्हणाली.

"तुला पुस्तकातला सगळा इतिहास ठाऊक होता," चिमणीताईने तिच्या गालावर हात ठेवला. "हा घरातला तेवढा राहिला."

नवे फादर माझ्या पायरीवर बसले. मग त्यांनी विचारले, "ताई, हे तुम्ही रविवारी सगळ्यांसमोर सांगाल? तुमची इच्छा असेल तरच."

मला वाटले, रविवारपर्यंत या फादरांना कोणीतरी गप्प करेल. माझी नजर त्यांच्यावरून हटली नाही.

रविवार आला. प्रार्थना संपली तेव्हा फादर म्हणाले, "ताईंना काही सांगायचं आहे. त्यांचं बोलून होईपर्यंत कोणी उठू नये." चिमणीताई शेवटच्या बाकावरून निघाली ती वेदीपाशी गेली नाही. माझ्याजवळ येऊन उभी राहिली. एक हात माझ्या दारावर ठेवला आणि सगळे सांगितले.

ऑर्गनमास्तर ताडकन उठले. "मेलेल्या माणसावर आरोप? तोही चर्चमध्ये? बाहेरचे लोक आधीच टपून बसलेत, त्यांच्या हाती कोलीत देताय! आणि पुरावा काय?"

कोणी जमिनीकडे पाहत होते, कोणी छताकडे. आता चिमणीताई पुन्हा ओठ मिटणार, असे मला वाटले.

तेव्हा शेवटच्या बाकावरून बेकरीवाला उठला. एवढा दांडगा माणूस, पण दोन्ही हातांनी पुढचा बाक धरून उभा होता.

"मलाही हेच सांगितलं होतं," तो म्हणाला. "लहानपणी, ह्याच कोठडीत."

ते पोर वाढून हा दांडगा गडी झाले, हे मी इतकी वर्षे ओळखलेच नव्हते.

ऑर्गनमास्तर खाली बसले. बराच वेळ नुसते आपल्या बोटांकडे पाहत होते.

पाटी भिंतीवर लागली नाही. फादरांनी पोलिसांना कळवले, बिशपांना कळवले. चौकशीला समिती नेमली आहे म्हणतात. मी समित्या पाहिल्या आहेत, त्यामुळे एवढ्यात आनंद करणार नाही. बेकरीवाल्याचा पाव वजनाला अगदी बरोबर असतो, असेही नंतर कानावर आले. संशयाचे हेच वाईट असते. तो भलत्याच माणसावर बसतो आणि नको त्याला मोकळे सोडतो.

आता काही जणांचे म्हणणे आहे की मला मोडून टाकावे. माझ्या जागी एक छानशी खोली करावी, मऊ खुर्च्या, बंद होणारे दार, मध्ये जाळीबिळी काही नको. ऐकायला किती गोड! पण चिमणीताई बैठकीत म्हणाली, "ती राहू द्या. तिला जाळी आहे आणि ती उघड्यावर आहे. चूक तिची नव्हती."

मित्रांनो, तुमच्याकडे माझे एवढेच मागणे आहे. माझ्या पायाची वाळवी काढा. माझ्यातल्या खुर्च्या बाहेर ठेवा. मला अंधाऱ्या कोपऱ्यात ढकलू नका. तुमचे ज्या घरावर प्रेम आहे, त्याला कोणी नावे ठेवली तर लगेच अंगावर धावून जाऊ नका. आधी विचारा, हे खरे आहे का? वाळवी दाखवणारा माणूस घराचा वैरी नसतो. आणि कोणी मोठा माणूस तुम्हाला म्हणाला, "हे कोणाला सांगू नकोस", तर तो फादर असो, गुरुजी असो की घरचा, त्याच पावली जाऊन सांगा. एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगा.

काल चिमणीताई माझा पडदा घेऊन आली. तिने तो खालून कापून आखूड केला आहे. आता आत कोण बसले आहे आणि कसे बसले आहे, ते बाहेरून दिसते. कड्या घालायला तिने यावेळी बाहेरून हात लांब केला नाही. आत आली, स्टुलावर चढली. दातांत टाचण्या धरल्या होत्या, आणि मला काहीतरी ऐकू आले. मला वाटले, माझे कान वाजत असतील. म्हणून मी पुन्हा नीट कान देऊन ऐकले.

ती गुणगुणत होती.